स्टोअरच्या पानावर लिहिलेला शब्द

पीसीवर गेम विकत घेणाऱ्याच्या हातात आता काहीच येत नाही. डबा नाही, डीव्हीडी नाही, दुकानदाराला चार प्रश्न विचारायची सोय नाही. असतं ते फक्त ऑनलाइन स्टोअरचं एक पान. त्यावर ट्रेलर, किंमत, भाषांची यादी, किमान हार्डवेअरचा तक्ता आणि अलीकडे आलेल्या दोन प्रकारच्या सूचना. एक सांगते की या गेममध्ये एआयकडून करून घेतलेली चित्रं, मजकूर किंवा आवाज आहेत. दुसरी सांगते की गेम कुठल्या यंत्रावर चालेल, कुठल्यावर नाही आणि चालण्यासाठी तुमच्या संगणकात किती खोलवर शिरेल.

या दोन्हींवरून गेम खेळणाऱ्यांत आणि बनवणाऱ्यांत जोरात भांडणं चालू आहेत, पण दोन वेगळी भांडणं म्हणून. मला तो एकच प्रश्न वाटतो. पैसे घेण्याआधी विकणाऱ्याने काय सांगायला हवं, आणि सांगितलेलं खोटं निघालं किंवा पुढे बदललं तर भरपाई कोणी करायची? पानावर लिहिलेली प्रत्येक ओळ हा सौद्याचा भाग आहे, असं माझं मत आहे. ती मोघम असून चालणार नाही, आणि ती मोडली तर पैसे परत मिळायला हवेत.

स्टीमपासून सुरुवात करावी लागते, कारण पीसी गेमच्या बाजारातलं सगळ्यात मोठं दुकान तेच. 2023 च्या मध्यावर छोट्या डेव्हलपरांकडून तक्रारी येऊ लागल्या की एआयने काढलेली चित्रं असलेले त्यांचे गेम स्टीम नाकारतंय. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची अडचण कायद्याची होती. ज्या चित्रांवर ही मॉडेल शिकवली गेली, त्यांचे हक्क तुमच्याकडे आहेत का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. जानेवारी 2024 मध्ये धोरण बदललं. एआय वापरा, पण तसं जाहीर करा, असं ठरलं. गेम दाखल करताना भरायच्या फॉर्ममध्ये दोन भाग आले. गेम बनतानाच एआयकडून तयार करून घेतलेल्या गोष्टी एका भागात, आणि गेम चालू असताना एआय तिथल्या तिथे तयार करील त्या गोष्टी दुसऱ्यात. दुसऱ्या प्रकारात बेकायदा काही तयार होऊ नये म्हणून काय बंदोबस्त केला आहे, हेही डेव्हलपरने सांगायचं. यातली बरीचशी माहिती स्टोअरच्या पानावर ग्राहकाला दिसू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छोट्या, स्वतंत्र गेमचं माहेरघर असलेल्या इच डॉट आयओनेही असंच जाहीर करायला सांगितलं.

हे पाऊल चांगलं होतं. अडचण आहे ती त्या चौकटीत प्रत्यक्षात काय लिहिलं जातं याची.

'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स 6' चं उदाहरण घ्या. डिसेंबर 2024 मध्ये या गेमच्या लोडिंग स्क्रीनवर झोंबी झालेल्या सांताक्लॉजचं चित्र आलं. खेळाडूंनी त्याच्या हाताची बोटं मोजली तर सहा भरली. एआय वापरल्याचा संशय तिथून पसरला. स्टीमच्या पानावर खुलासा दिसला तो फेब्रुवारी 2025 मध्ये, म्हणजे गेम बाजारात येऊन जवळपास चार महिने झाल्यावर. तो खुलासा एका वाक्याचा. गेममधल्या काही गोष्टी तयार करायला आमची टीम जनरेटिव्ह एआयची मदत घेते, एवढाच त्याचा अर्थ. कुठल्या गोष्टी? लोडिंग स्क्रीन, बॅजवरची चित्रं, पात्रांचे चेहरे, संवाद? ज्या गोष्टींसाठी खेळाडू वेगळे पैसे मोजतो त्यांतही एआय आहे का? त्या वाक्यातून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तरीही फॉर्म भरलेला असतो, नियम पाळलेला असतो.

'आर्क रेडर्स' च्या पानावरची ओळ तर याहून निसटती. विकासाच्या प्रक्रियेत आम्ही प्रोसिजरल, म्हणजे ठरलेल्या नियमांनी आपोआप दृश्यं घडवणारी, आणि एआयवर आधारलेली साधनं वापरत असू शकतो, आणि अशा प्रत्येक वेळी अंतिम गेममध्ये आमच्याच टीमची सर्जनशीलता दिसते, असा तिचा आशय. 'वापरत असू शकतो' हे सांगणं नव्हे. ते तर गेम बनवणाऱ्या जगातल्या कुठल्याही स्टुडिओबद्दल म्हणता येईल. ऑक्टोबर 2025 मध्ये गेम आला तेव्हा वाद पेटला तो आवाजांवरून. त्यातल्या पात्रांचे काही संवाद खऱ्या कलाकारांच्या आवाजावर शिकवलेल्या टेक्स्ट-टू-स्पीचमधून, म्हणजे लिहिलेला मजकूर बोलून दाखवणाऱ्या यंत्रणेतून, काढलेले आहेत. युरोगेमर या गेमविषयक संकेतस्थळाच्या समीक्षकाने मुख्यतः याच कारणाने पाचपैकी दोनच तारे दिले. आता, कलाकारांशी रीतसर करार करून, त्यांची संमती घेऊन, पैसे देऊन हे केलं, असं स्टुडिओचं म्हणणं. ते महत्त्वाचं आहे. कोणाचा तरी आवाज न विचारता उचलणं आणि करार करून वापरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण पानावरच्या त्या मोघम वाक्यात हा फरक कुठेच दिसत नाही. नीट वागणाऱ्याला स्वतःचं नीट वागणंही दाखवता येऊ नये, हे मोघमपणाचं सगळ्यात मोठं नुकसान.

आवाजाचा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेने जुलै 2024 मध्ये व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला आणि तो जवळपास वर्षभर चालला. भांडणाच्या मुळाशी हाच प्रश्न होता: आमच्या आवाजाची, हालचालींची डिजिटल नक्कल कराल तर आम्हाला सांगाल का, विचाराल का, पैसे द्याल का? एखाद्या खेळाडूला या कलाकारांच्या बाजूने उभं राहायचं असेल तर त्याच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गेम घेणं किंवा न घेणं. तो निर्णय घ्यायला लागणारी माहितीच दिली नाही तर त्याचं मत आपण काढून घेतलं.

एआय जाहीर करायला लावण्याविरुद्ध सगळ्यात ठळक आवाज एपिक गेम्स या कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांचा. पुढच्या काळात जवळपास प्रत्येक गेम बनताना एआय असणारच, तेव्हा स्टोअरवर एआयचं लेबल लावण्याला काही अर्थ नाही, असं त्यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये म्हटलं. डेव्हलपर कुठला शॅम्पू वापरतात तेही मग जाहीर करायला लावा, अशी पुस्तीही जोडली. स्वीनी स्वतः एक स्टोअर चालवतात, आणि त्यांच्या स्टोअरवर असं लेबल सक्तीचं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण माणसाकडे बोट दाखवून युक्तिवाद खोडला जात नाही, म्हणून युक्तिवादच पाहू. एखादी गोष्ट सगळीकडे आहे म्हणून ती सांगायची गरज नाही, हे कुठल्या बाजारात चालतं? आपल्याकडे खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी खूण असते, आतल्या घटकांची यादी असते. मीठ आणि साखर तर जवळपास प्रत्येक पाकिटात असते. तरी ती किती आहे ते छापावं लागतं, कारण खाणाऱ्यांत कोणी मधुमेही असतो, कोणाचा उपास असतो, कोणाला नुसतंच जाणून घ्यायचं असतं. कारण काय हे दुकानदाराने विचारायचं नसतं. एआय सगळीकडे पोहोचेल हे खरं असेल तर ते कुठे, किती आणि कशासाठी, हे सांगण्याची गरज उलट वाढते.

स्वीनींच्या म्हणण्यात एक खरा धागा मात्र आहे. कोड लिहिताना ऑटो-कम्प्लीट वापरलं, मीटिंगचा गोषवारा यंत्राकडून काढून घेतला, एखादा बग शोधायला मदत घेतली, हे सगळं लेबलात कोंबलं तर लेबल निरर्थक होईल. जानेवारी 2026 मध्ये व्हॉल्व्हने फॉर्म सुधारला तो इथेच. काम सोपं करणारी साधनं हा आमचा रोख नाही, गेमसोबत जे ग्राहकापर्यंत पोहोचतं आणि ज्याचा तो आस्वाद घेतो ते सांगा, असं त्यात स्पष्ट केलं. ही रेघ मला बरोबर वाटते. जे डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, वाचलं जातं, ते सांगायचं. शॅम्पू आपोआप बाहेर राहतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो छोट्या डेव्हलपरांकडून येतो. प्रामाणिकपणे सांगणारा मार खातो, लपवणारा सुटतो. घरातल्या खोलीत बसून एकट्याने गेम करणाऱ्या मुलीने मागच्या भिंतीवरची चार पोस्टर्स एआयकडून काढून घेतली आणि तसं खरं लिहिलं, तर रिव्ह्यूंमध्ये तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडतो. मोठी कंपनी गप्प बसते आणि पकडली गेली तर एक वाक्य लिहून मोकळी होते. ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय लेबल काढून टाकणं हा नाही. खोटं सांगण्याची किंमत खरं सांगण्यापेक्षा जास्त ठेवणं हा आहे.

म्हणूनच 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन 33' चं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. फ्रान्समधल्या सँडफॉल या तुलनेने छोट्या स्टुडिओचा हा गेम 2025 मधला सर्वाधिक गौरवलेला गेम. डिसेंबरमध्ये इंडी, म्हणजे स्वतंत्र, गेमसाठीच्या इंडी गेम अवॉर्ड्सनी त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम आणि सर्वोत्कृष्ट पदार्पण असे दोन पुरस्कार दिले आणि एक-दोन दिवसांत परत घेतले. एप्रिलमध्ये गेम आला तेव्हा तात्पुरती म्हणून टाकलेली एआयची काही टेक्स्चर्स, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, त्यात राहून गेली होती. ती काही दिवसांतच दुरुस्तीचा पॅच देऊन काढली गेली. चूक छोटी होती. इतक्या सुंदर, इतक्या कष्टाने केलेल्या गेमला ही शिक्षा फार झाली, असं अनेकांना वाटलं, आणि ती हळहळ मला समजते. तरी आयोजकांचं मला पटतं. त्यांच्या नियमात एआय चालत नव्हता, आणि प्रवेशिका देताना आम्ही तो वापरलेला नाही असं स्टुडिओने सांगितलं होतं. प्रश्न टेक्स्चरचा राहिला नाही, दिलेल्या शब्दाचा झाला. स्टोअरवर मात्र असा शब्द मोडल्याने ग्राहकाच्या पदरात काहीच पडत नाही.

पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजचा 'द आल्टर्स' जून 2025 मध्ये आला. त्याच्या पानावर एआयचा उल्लेख नव्हता. मग खेळाडूंना एका दृश्याच्या पार्श्वभूमीवरच्या पडद्यावर खगोलशास्त्रीय मजकुराच्या सुरुवातीलाच चॅटबॉटचं ते ओळखीचं वाक्य सापडलं: हो नक्की, ही घ्या सुधारित आवृत्ती. पाठोपाठ ब्राझीलच्या पोर्तुगीज उपशीर्षकांत भाषांतर देताना यंत्राने लिहिलेलं सुरुवातीचं वाक्य तसंच उरलेलं दिसलं. स्टुडिओने खुलासा केला. पडद्यावरचा मजकूर तात्पुरता होता, तो चुकून राहिला, आणि गेममधल्या काही व्हिडिओंची भाषांतरं वेळ अपुरा पडल्याने एआयकडून करून घेतली, असं सांगून ती सुधारण्याचं काम सुरू असल्याचं कळवलं.

इथे माझ्यासारख्या मराठी वाचकाने थांबून विचार करावा. इंग्रजी संवाद लेखकांनी लिहिले, घासूनपुसून घेतले. घाईची वेळ आली तेव्हा यंत्राच्या हवाली काय झालं? इतर भाषांची भाषांतरं. पोर्तुगीज तर कोट्यवधी लोकांची, बाजारात वजन असलेली भाषा. मराठीचं काय होईल याचा अंदाज करायला फार डोकं लावावं लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' 2020 मध्ये पीसीवर आला आणि जगभर नावाजला गेला. त्यातही पहिला आवाज इंग्रजी होता, हिंदी डबिंग पुढच्या सुधारित आवृत्तीत आलं. मराठीत बोलणारा मोठा गेम आजवर कोणी केला नाही, कारण हिशेब बसत नाही. एआय तो हिशेब बदलेल. येत्या काही वर्षांत भाषांच्या यादीत 'मराठी' दिसू लागेल, आणि ती मराठी बहुतेक वेळा यंत्राची असेल.

ती येऊच नये असं मी म्हणणार नाही. एआयने दिलेला आवाज मला नको आहे, त्याबाबत माझं मत ठाम आहे. पण इंग्रजीचा धाक असलेल्या एखाद्या पोराला कथा समजायला यंत्राने केलेली मराठी उपशीर्षकं उपयोगी पडत असतील, तर ती मिळू देत. फक्त त्यांच्यापुढे तसं लिहिलेलं असू दे. नाहीतर त्या पोराला वाटेल की मराठी अशीच असते, आणि निर्मात्याला वाटेल की मराठीचं काम झालं, आता भाषांतरकाराला कशाला बोलवा. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेपुढे 'माणसाने केलेलं', 'यंत्राने केलेलं' किंवा 'यंत्राने केलेलं, माणसाने तपासलेलं' एवढी नोंद असणं मुळीच अवघड नाही. आजच्या तक्त्यात भाषेपुढे इंटरफेस, आवाज आणि उपशीर्षकं असे रकाने असतातच. त्यात एक वाढेल.

असं तपशिलात सांगणं व्यवहारात जमतं का, असं कोणी विचारील. जमतं. त्याच स्टीमवर, त्याच पानावर, एआयच्या चौकटीपासून थोड्याच अंतरावर ते करून दाखवलेलं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी आला. तो लिनक्स या विंडोजहून वेगळ्या, खुल्या प्रणालीवर चालतो, आणि विंडोजसाठी केलेले गेम त्यावर चालवायला प्रोटॉन नावाचा थर वापरतो. गेम त्यावर चालेल का, हे डेव्हलपरच्या शब्दावर सोडलेलं नाही. व्हॉल्व्हची माणसं गेम तपासतात आणि मग त्याला 'व्हेरिफाइड', 'प्लेएबल' किंवा 'अनसपोर्टेड' अशी खूण देतात. खुणेवर टिचकी मारली की कारणं उलगडतात: कंट्रोलरने सगळं करता येतं, पण नाव टाइप करायला कीबोर्ड स्वतः उघडावा लागतो, काही ठिकाणी अक्षरं बारीक आहेत, वाचायला त्रास होईल, गेम सुरू करून देणारा वेगळा लाँचर मध्ये येतो, त्यात बोटाने टिचकी मारावी लागेल. सात इंची पडद्यावर अक्षर वाचता येईल की नाही, इतक्या बारकाईने तपासून सांगता येतं. या तपासणीवरही टीका होते, हिरवी खूण मिळालेला गेमही कधी एखाद्या गजबजलेल्या प्रसंगात रखडतो. पण चूक दाखवता येते, कारण दावा स्पष्ट आहे. 'काही गोष्टींत एआयची मदत' या वाक्यात चूक दाखवताच येत नाही.

सुसंगततेच्या बाबतीतही सगळं आलबेल आहे असं नाही. तिथली जखम अँटी-चीटची, म्हणजे फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमची. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक करणारे इतके माजले आहेत की त्यांना रोखायला कंपन्या विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, स्वतःचा ड्रायव्हर बसवतात. कर्नलमधल्या प्रोग्रॅमला संगणकात सगळीकडे फिरता येतं. तिथे चूक झाली तर काय होतं ते 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज यंत्रं एकाच दिवसात बंद पडली. तो गेम नव्हता, पण जागा तीच होती. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस व्हॉल्व्हने नियम केला की गेममध्ये कर्नलमधलं अँटी-चीट असेल तर पानावर तसं लिहायचं. उत्तम नियम.

त्याच महिन्याच्या 31 तारखेला 'अ‍ॅपेक्स लेजंड्स' ने लिनक्सवरून आणि पर्यायाने स्टीम डेकवरून येणाऱ्या सगळ्या खेळाडूंना बंद केलं. लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा चीट बनवणारे घेतात, असं कारण दिलं. त्याआधी सप्टेंबरमध्ये 'जीटीए ऑनलाइन' ला बॅटलआय हे अँटी-चीट जोडलं गेलं आणि स्टीम डेकवर ऑनलाइन खेळणं थांबलं. बॅटलआयला प्रोटॉनवर चालवायची सोय 2021 मध्येच जाहीर झालेली आहे, ती सुरू करायची की नाही हे गेमच्या मालकाच्या हातात असतं. इथे ती सुरू झाली नाही.

चीट करणाऱ्यांना आवर घालायचा कंपनीचा हक्क मला मान्य आहे. ज्याने कधी रात्री उशिरापर्यंत रँक चढवली आणि शेवटी भिंतीपलीकडून नेम साधणाऱ्याकडून मार खाल्ला, त्याला तो आणखी मान्य असेल. पण विकताना चालत होतं ते विकल्यावर बंद केलं, तर तो निर्णय कंपनीचा आणि नुकसान ग्राहकाचं, अशी वाटणी कशी चालेल? स्टीमचा नेहमीचा रिफंड गेम घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच मिळतो. वर्षभराने दार बंद झालेल्याला त्याचा उपयोग शून्य. हे वेगळ्या प्रकारे करता येतं याचाही दाखला आहे. 2020 मध्ये 'रॉकेट लीग' ने मॅक आणि लिनक्सवरची ऑनलाइन सोय बंद केली, तेव्हा त्या यंत्रांवर खेळणाऱ्यांना रिफंड देऊ केला. गेम घेऊन कितीही काळ लोटलेला असो. त्याने कंपनी बुडाली नाही.

आपल्याकडे स्टीम डेक अधिकृतपणे विकलाच जात नाही, त्यामुळे हा लांबचा प्रश्न वाटू शकतो. लांबचा नाही. आपला पीसी म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीच्या दुकानातून पार्ट आणून जुळवलेला, भावाकडून आलेलं ग्राफिक्स कार्ड घातलेला, अजून विंडोज 10 वर चालणारा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांना विंडोज 11 घेत नाही. त्याच महिन्यात आलेल्या 'बॅटलफील्ड 6' च्या पानावर, किमान आवश्यकतांच्या तळाशी, चार गोष्टी होत्या: टीपीएम 2.0 चालू, यूईएफआय सिक्युअर बूट चालू, एचव्हीसीआय आणि व्हीबीएस या विंडोजच्या सुरक्षा-सोयींची क्षमता. म्हणजे सांगितलं होतं. पण ते कोणाला समजलं?

सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅमच चालू देणारी सोय, चालू करायची म्हणजे काय ते पाहा. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलात तर पर्याय राखाडी दिसतो, दाबता येत नाही, कारण यंत्र सीएसएमवर, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होतंय. सीएसएम बंद केलं तर विंडोजच उघडत नाही, कारण पीसी जुळवणाऱ्याने डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केली होती. ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायची तर कमांड प्रॉम्प्ट उघडून एमबीआर2जीपीटी हे साधन चालवायचं. एक पायरी चुकली तर घरातला एकुलता एक संगणक बंद, आणि त्यावर बहिणीचा प्रोजेक्ट. तीन-चार हजार रुपयांचा गेम घेऊन, भलंमोठं डाउनलोड रात्रभर लावून, सकाळी हे कळणं याला मी माहिती दिली असं म्हणणार नाही. स्टीमच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सिक्युअर बूट आणि टीपीएमची स्थिती दिसते. दुकानाला माझ्या यंत्राबद्दल माहीत आहे, गेमबद्दलही माहीत आहे. मग 'विकत घ्या' या बटणाच्या वर 'हा गेम तुमच्या संगणकावर सध्या सुरू होणार नाही' एवढी ओळ का येऊ नये?

एआयच्या बाबतीत माझी मागणी याच धर्तीची आहे. फॉर्ममध्ये मोकळी चौकट ठेवू नका. चित्रं, आवाज, संगीत, संवाद, भाषांतर असे ठरलेले रकाने ठेवा आणि प्रत्येकाला हो किंवा नाही असं उत्तर घ्या. आवाज असेल तर कलाकाराची संमती आहे का, हेही विचारा. उत्तरावर तारीख घाला आणि बदललं तर जुनं उत्तरही दिसू द्या, म्हणजे काही महिन्यांनी गुपचूप आलेली ओळ पहिल्या दिवसापासूनची वाटणार नाही. उत्तर खोटं ठरलं तर खोटं असतानाच्या काळात गेम घेतलेल्या प्रत्येकाला, तास न मोजता, रिफंड द्या.

यातून एक चांगला परिणाम आपल्या दाराशी होईल. जगातल्या मोठ्या गेमची कितीतरी पात्रं, इमारती, शस्त्रं, कपडे पुण्यातल्या, मुंबईतल्या, बंगळूरूतल्या स्टुडिओंत बाहेरून आलेलं काम म्हणून घडतात. एक मॉडेल आठवडाभर घडवणाऱ्या त्या कलाकाराचं नाव श्रेयनामावलीत आलं तर आलं. वेळापत्रक आवळलं की दबाव सगळ्यात आधी त्याच्यावर येतो: एआयकडून काढून घे, वरून हात फिरव, पाठवून दे. पकडलं गेलं तर परदेशातला मूळ स्टुडिओ म्हणतो की कंत्राटदाराने केलं, आम्हाला कल्पना नव्हती. पानावरच्या खोट्या उत्तराची भरपाई मूळ स्टुडिओला करावी लागणार असेल, तर तो प्रश्न करारातच विचारील, आणि 'हाताने केलेलं हवं' असं लिहिलं की त्याला लागणारा वेळ आणि पैसाही द्यावा लागेल. ज्याला आपली कला यंत्राच्या खाली दबून जाईल अशी भीती वाटते, त्याला संरक्षण द्यायचा इतका सरळ मार्ग मला दुसरा दिसत नाही.

हे सगळं व्हॉल्व्हच्या मर्जीवर सोडायचं कारण नाही. भारतात फेब्रुवारी 2026 पासून कृत्रिमरीत्या तयार केलेल्या ध्वनी-चित्रांना लेबल लावण्याचे नियम आले, पण त्यांचा रोख समाजमाध्यमांवरच्या डीपफेककडे आहे, विकल्या जाणाऱ्या गेमकडे नाही. गेमसाठी उपयोगी पडेल असा कायदा आधीपासून आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तू आणि सेवांचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा त्यात गुन्हा आहे. त्याखाली 2020 मध्ये आलेले ई-कॉमर्स नियम परदेशात नोंदलेल्या पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या कंपन्यांनाही लागू होतात. स्टीम इथे रुपयांत किंमत लावतं आणि यूपीआयने पैसे घेतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये संकेतस्थळांवरच्या फसव्या क्लृप्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तशाच गेमच्या स्टोअरसाठी काढता येतील: एआयचे ठरलेले रकाने, यंत्राशी जुळवणी, विक्रीनंतर बदल केला तर परतावा. आणि त्या निघेपर्यंत, गेम घेण्याआधी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे काही मोडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे तक्रार मराठीतूनही करता येते.